पाटीवर समतानगर आलं, पण वस्ती वेशीबाहेरच

मा. सामाजिक न्याय मंत्री, महाराष्ट्र राज्य,

सप्रेम जय भीम.

डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचं ठरवलं. महारवाडा, मांगवाडा, ब्राह्मणवाडा, माळी गल्ली जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर यावं, असा तो निर्णय. मला त्या दिवशी मनापासून आनंद झाला. अर्जावर पत्ता लिहिताना माझा हात अडखळायचा. पहिल्या नोकरीच्या अर्जात मी नुसतं 'एसटी स्टँडजवळ' लिहिलं होतं. लेकीवर ती वेळ येणार नाही, असं वाटलं.

ती तालुक्याला कॉलेजात गेली. मैत्रिणीनं विचारलं, राहतेस कुठं? हिनं सांगितलं, समतानगरला. "अच्छा, म्हणजे तुम्ही तिकडचे!"

साहेब, नाव नवं आणि अर्थ जुनाच, कारण वस्ती हललेली नाही. ती गावकुसाबाहेर, ओढ्यापलीकडेच आहे. येसकरानं रात्री वेस राखावी, सांगावा पोचवावा, मेलेलं ढोर ओढावं, म्हणून आमच्या पूर्वजांना ती जागा नेमून दिली होती. ही पिढीजात गावकामं, म्हणजे वतनं, १९५८ च्या कायद्यानं गेली. जागा तीच राहिली.

आणि सरकारी पैसाही तीच रेघ पुन्हा गिरवतो. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठीच्या रमाई आवास योजनेतून घरकुल मिळतं, पण बहुतेकांकडे जागा वस्तीतलीच, म्हणून घर पुन्हा तिथेच उभं राहतं. पक्क्या घराचं मोल मी जाणतो, माझ्या आईचा जन्म गळक्या पत्र्याखाली गेला. पण त्या सिमेंटनं वेशीबाहेरचं अंतरही पक्कं केलं, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

म्हणून मागणी एवढीच. महसूल खात्याला सोबत घेऊन असा नियम करा, की यापुढे जिथे जिथे गावठाणाचा विस्तार होईल, तिथले घरकुलांचे प्लॉट सगळ्या जातींच्या लाभार्थ्यांना एकत्र चिठ्ठ्या टाकून मिळावेत. पाटलांच्या शेजारी मातंगाचं घर यावं, त्याच्या शेजारी माळ्याचं. आणि जातीवरून वेगळी ठेवलेली दुसरी स्मशानभूमी जिथे असेल, तिथे दुसऱ्या शेडला निधी देऊ नका. आहे ती सर्वांसाठी खुली करा.

आमच्या गावालाही गावठाण वाढवून हवं आहे. पहिल्या चिठ्ठ्या आमच्याच गावात टाका. माझी चिठ्ठी कुठल्याही ओळीत निघाली तरी मला चालेल.

आपला,
समतानगरचा एक रहिवासी