टिनचे डबे पुढच्या फळीवर ठेव, आई

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

नाशिकहून परतल्यापासून हे लिहायचं मनात आहे. पिठाच्या डब्यामागे, जुन्या टॉवेलखाली मला टिनचे पाच डबे दिसले. मटार, मका, मशरूम, राजमा आणि आमरस. आई, तू घाईघाईनं टॉवेल परत ओढलास आणि म्हणालीस, "पाहुण्यांसाठी आणलेत." मला तिथंच भरून आलं. गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालत यायचीस तू. आता सकाळी तुझी बोटं मिटत नाहीत. त्या बोटांनी किलोभर मटार सोलत बसावंस, असं मला का वाटेल?

टिनमध्ये काहीतरी औषध घालून टिकवतात, ही तुझी धास्ती आधी काढून टाक. मटार किंवा मका डब्यात भरून, तो हवाबंद करून, मग आपल्या कुकरसारखंच वाफेच्या दाबाखाली साधारण 121 अंश सेल्सिअसला तापवतात. त्या उष्णतेमुळेच ते टिकतं.

काळजी मिठाची घ्यायची, कारण बाबांचं बीपी. डब्यातलं पाणी ओतून दे, दाणे चाळणीत घेऊन नळाखाली चांगले धू. बरंचसं मीठ तिथंच निघून जातं. आणि बटर घालणार असशील तर भाजीत मीठ शेवटी, चव घेऊनच घाल. पिवळ्या खारट बटरमध्ये वजनाच्या 3 टक्क्यांपर्यंत मीठ असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ खा म्हणते. बाबा, पावाच्या दोन्ही बाजूंना बटर, वर पावभाजीत एक वडी, शेजारी लोणचं, एवढं एका जेवणात नको. बटर सोडा असं मी म्हणत नाही. एका बाजूला लावा, मनापासून खा.

कढई धुरकटते म्हणालीस ना, तेही बटरमुळेच. लोणी कढवताना तळाशी बेरी राहते, ती दुधातल्या घन भागाची. बटरमध्ये तोच भाग असतो, म्हणून फोडणीच्या आचेवर तो आधी करपतो आणि भाजी कडवट लागते. फोडणी तुझ्या घरच्या तुपाची किंवा तेलाची कर. मटार-मका परतून झाला, गॅस बंद केला, की मग चमचाभर बटर. वासही छान राहतो. कढीपत्ता आणि लसूण तुझ्या नेहमीच्याच प्रमाणात, त्यात मी काय सांगणार!

आता एका गोष्टीसाठी मात्र तुला रागावणार आहे. मशरूमच्या डब्याचं झाकण फुगलं होतं आणि तू म्हणालीस, "उघडून चव बघू, आंबलं असेल तर टाकू." चव बघायचीच नाही! फुगलेल्या, गळक्या किंवा शिवणीवर चेपलेल्या डब्यात बॉट्युलिझमचं विष असू शकतं. त्याला वास नसतो, चव नसते, आणि ते जिवावर बेततं. तो डबा मी न उघडता दोन पिशव्यांत बांधून टाकला. त्याचे पैसे गेले म्हणून हळहळू नकोस. चांगल्या डब्यातलं उरलं तर काचेच्या बरणीत काढून फ्रीजमध्ये ठेव आणि दोन-तीन दिवसांत संपव.

बाबा, तुम्ही छिन्नी-हातोडीनं डबा उघडता, ते बंद करा. अंगठ्यावरचा व्रण मी पाहिला. पत्र्याच्या डब्याचं पेटंट पीटर ड्युरँडनं 1810 मध्ये इंग्लंडमध्ये घेतलं, आणि डबा उघडण्याचं साधन त्यानंतर चाळीसेक वर्षांनी आलं. तोवर लोक छिन्नीच वापरायचे. तुम्हाला ती वापरायची गरज नाही. जाड मुठीचं, फिरवायचं ओपनर घेतलंय. आईच्या बोटांनाही जमेल असं दुकानात फिरवून पाहिलं.

संक्रांतीला येताना ते घेऊन येते. तेव्हा ताजे मटार स्वस्त असतील, ते मी सोलेन. तू नुसती शेजारी बस.

तुमची,
धाकटी