चित्रकाराच्या वाट्याला अर्धी ओळ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या अंकातली बालपुस्तकांची परीक्षणे मी न चुकता वाचते. गोष्टीवर तीन परिच्छेद, लेखकावर एक, आणि सरतेशेवटी ठरलेले वाक्य : 'चित्रे आकर्षक आहेत.' कुणी काढली, कशी काढली, याचा पत्ता नाही. अक्षरओळख न झालेल्या मुलासाठी तर पुस्तक म्हणजे चित्रेच की!

चित्रकार पुलक विश्वास (१९४१-२०१३) यांनी चित्रे काढलेली दोन पुस्तके शेजारी ठेवून पाहा. चिल्ड्रन्स बुक ट्रस्टच्या 'महागिरी'तला हत्ती खड्ड्यात खांब रोवायला तयार नाही. माहूत अंकुश टोचतो, तरी ढिम्म. खड्ड्यात मांजराचे पिल्लू आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक, आणि त्याला तर बोलता येत नाही. एवढ्या धिप्पाड जनावराचा हळवेपणा दाखवायचा तो अंगाच्या ठेवणीतून आणि सोंडेच्या वळणातूनच.

मग 'टायगर ऑन अ ट्री' (१९९७) उघडा. काळी आणि नारिंगी, एवढ्या दोनच शाई. पांढरा रंग म्हणजे कोरा कागद. घाबरून झाडावर चढलेला वाघ आणि त्याला पकडायला जाळे घेऊन निघालेली माणसे. माझ्या चार वर्षांच्या नातीला इंग्रजीचे ओ की ठो कळत नाही. तिने वाघाच्या डोळ्यावर बोट ठेवले आणि म्हणाली, "आजी, हा घाबरलाय गं." मी अजून वाचायला तोंडही उघडले नव्हते! या पुस्तकाच्या चित्रांचा १९९९ साली स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लाव्हा शहरी भरणाऱ्या बालपुस्तकांच्या चित्रांच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात गौरव झाला.

नाव वाचले नसते, तर ही दोन्ही पुस्तके एकाच हातची आहेत यावर माझा विश्वास बसला नसता. काहींची रेघ दुरूनही ओळखू येते, त्यांचेही कौतुक आहेच. पण गोष्ट बदलली की हात बदलायचा, आपली ओळख बाजूला ठेवून गोष्टीला हवे ते द्यायचे, हे मला जास्त अवघड वाटते. (नवशिक्यांनी यालाच 'शैली सापडली नाही' म्हणू नये.)

परीक्षणाखालच्या चौकटीत आपण लेखक, प्रकाशक, पृष्ठे आणि किंमत छापता. त्यात चित्रकाराचेही नाव द्यावे, एवढीच विनंती. जागा पुरत नसेल तर पृष्ठसंख्या गाळली तरी चालेल. ती मुले स्वतः मोजतात.

आपली,
एक वाचक आजी