थेरपीचं बिल कोण भरणार?

संपादक महोदय,
2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 21(4) सरळ सांगतं की शारीरिक आजाराला जसा इन्शुरन्स तसाच मानसिक आजारालाही द्यायचा, पण ऑटिझम (स्वमग्नता) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेलं पोर काही अ‍ॅडमिट होत नाही हो, त्याला लागते स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामं जमावीत म्हणून), तीही वर्षानुवर्षं. आमच्या पुतण्याच्या पावत्यांची फाईल फुगलीय, क्लेम मात्र रिजेक्ट, कारण काय तर ‘ओपीडी’, म्हणजे अ‍ॅडमिट न होता घेतलेले उपचार! केंद्राची निरामय योजना ऑटिझमला थेरपीसकट 1 लाखापर्यंत कव्हर देते (किती पालकांना माहितीय देव जाणे), पण नुसता एडीएचडी असेल तर त्यात बसतच नाही. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयने मुलांच्या थेरपीचं ओपीडी कव्हर प्रत्येक पॉलिसीत सक्तीचं करावं.
– एक काका, नाशिक