मंत्रीमहोदय, माझ्या सासूबाई ‘गोंधळलेल्या’ नाहीत

प्रति,
मा. संस्कृती मंत्री,
पेरू प्रजासत्ताक, लिमा

स.न.वि.वि.

मी मूळची जळगाव जिल्ह्यातली, लग्नानंतर वांकायोजवळ मांतारो नदीच्या खोऱ्यात राहते. आपल्या खात्याकडे आधी स्पॅनिशमध्ये रीतसर अर्ज केला होता. पोच आली, उत्तर नाही. म्हणून आता मराठीत लिहिते. तुमच्या टेबलावर याचं जे व्हायचं ते होवो, निदान माझ्या माणसांना तरी वाचता येईल.

गेल्या आठवड्यात सासूबाईंच्या पोटात कळा येऊ लागल्या, म्हणून त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. त्यांना स्पॅनिश बाजारापुरतं येतं. कळ कुठून निघते, कुठे जाते, जेवल्यावर वाढते का, हे सांगायला त्यांना या खोऱ्यातली मूळ भाषा, वांका केचुआच लागते. 27 मेला मूळ भाषांच्या दिवशी तुमच्या खात्याच्या एका साहेबांनी आमच्या चौकात माइकवरून शब्द दिला होता, की या दवाखान्यात केचुआ दुभाषी मिळेल. मिळाला की! फोनवर, आणि तोही दुसऱ्या भागातल्या, आयाकुचोचा. मुलगा भला होता, पण त्याला यांचं कळेना आणि यांना त्याचं. तो विचारायचा एक, यांना ऐकू यायचं दुसरं, आणि उत्तर निघायचं तिसरंच. शेवटी डॉक्टरांनी फोन ठेवला आणि कागदावर लिहिलं: ‘रुग्ण गोंधळलेली, उत्तरे विसंगत.’ पित्ताचे खडे निघाले, पण ते नंतर, खासगीत, पदरचे पैसे मोजून.

गोंधळलेली म्हणे! वांकायोच्या रविवारच्या बाजारात कुठल्या बटाट्याला कोण काय भाव लावतो, हे या बाईला तोंडपाठ असतं.

दुभाष्याला मी दोष देत नाही. खानदेशातल्या म्हातारीपुढे बंगाली दुभाषी बसवून ‘दोन्ही भारतीयच ना’ म्हणण्यातला हा प्रकार आहे. केचुआ हे भाषांचं कुटुंब आहे. त्याच्या दोन मोठ्या शाखा अभ्यासकांनी 1960 च्या दशकातच वेगळ्या केल्या. वांका एका शाखेत, आयाकुचो आणि कुस्को दुसऱ्या. सासूबाई ‘र’च्या जागी ‘ल’ म्हणतात, ‘माझं घर’ म्हणायचं तर शेवटचा स्वर लांबवतात. कुस्कोच्या कानाला ते अशुद्ध वाटतं.

आणि हे तुमच्या सरकारला ठाऊक नाही असं मुळीच नाही. 27 मे 1975 ला केचुआला राजभाषेचा दर्जा देणारा हुकूम निघाला. पुढच्याच वर्षी शिक्षण खात्याने सहा प्रकारच्या केचुआंची व्याकरणं आणि शब्दकोश काढले. त्यात हुनीन-वांकाही होती, आणि ती लिहिणारे रोदोल्फो सेर्रोन-पालोमिनो याच खोऱ्यातले. म्हणजे व्याकरण तुमच्याच कपाटात पडून आहे. 2011 चा 29735 क्रमांकाचा कायदा म्हणतो, की नागरिकाला सरकारी कामात त्याची स्वतःची भाषा वापरण्याचा हक्क आहे. 2017 च्या जनगणनेत मात्र सदतीस-अडतीस लाख केचुआभाषक एकाच रकान्यात कोंबले. त्यात वांका बोलणारे किती? मोजलेच नाहीत, तर घटले हे तरी तुम्हाला कसं कळणार!

तुम्ही विचाराल, मुलाने का नाही भाषांतर केलं? कारण त्याला येत नाही. जनावरं हाकणं आणि आईच्या शिव्या, एवढीच त्याची वांका. सासूबाईंनी शाळेत याच भाषेपायी मार खाल्ला. पुढे ऐंशीच्या दशकात ‘शायनिंग पाथ’चे बंडखोर आणि लष्कर यांच्यात गोळीबार सुरू झाला. तेव्हा स्पॅनिशमध्ये केचुआचा हेल डोकावला की नाक्यावर संशय यायचा. तुमच्याच सत्यशोधन आयोगाने 2003 मध्ये सांगितलं, की त्या काळात मेलेले आणि बेपत्ता झालेले 69 हजारांच्या वर. त्यांतल्या चारांमधल्या तिघांची मातृभाषा केचुआ किंवा तशीच एखादी मूळ भाषा. मुलं जगावीत म्हणून या बाईने घरात वांका बंद केली. मुलं जगली. त्यांतला एक परवा दवाखान्याच्या पायरीवर डोकं धरून बसला होता, आणि ‘माझी आई मला काय सांगतेय’ असं मला विचारत होता. मला! माझी आजी अहिराणी बोलायची आणि मला तीही धड येत नाही.

पण तुमचं बरं आहे. वांकायोच्या नावाचे बटाटे लिमातल्या हॉटेलांत मिळतात, वायलार्श नाच परदेशी पाहुण्यांपुढे होतो, कोचास गावचे कोरीव भोपळे भेट म्हणून देता येतात. या खोऱ्यातलं जे जे खाता, बघता, विकता येतं ते सगळं राष्ट्रीय, आणि जे बोललं जातं ते विसंगत. 2021 मध्ये पंतप्रधान गिदो बेयिदो संसदेत केचुआ बोलू लागले, तर सभापतींनी त्यांनाच मध्ये तोडलं. पंतप्रधानांची ही गत! तिकडे कुस्कोची केचुआ अकादमी लिहिताना स्वर तीन की पाच यावरून वर्षानुवर्षं भांडतेय. आमच्या गल्लीत भांडायला दुसरी वांका बोलणारी शोधावी लागते. संयुक्त राष्ट्रांचं मूळ भाषांचं दशक 2032 पर्यंत आहे म्हणतात. सासूबाईंचं वय बघता तुम्ही जरा घाई केलेली बरी.

आता मागणी. त्या कागदावरचा शेरा खोडून तसं लेखी द्या. दुभाषी याच खोऱ्यातला नेमा. रविवारच्या बाजारात दोन्ही भाषा फाडफाड बोलणाऱ्या बायका अजून आहेत, फक्त त्यांना फुकट राबवू नका, पगार द्या. आणि जनगणनेत वांकाला स्वतःचा रकाना द्या.

उत्तर स्पॅनिशमध्ये पाठवलंत तरी चालेल. घरात ते सासूबाई सोडून सगळ्यांना वाचता येतं.

आपली,
मांतारो खोऱ्यातली एक सून

प्रत माहितीसाठी: आरोग्य मंत्री, शिक्षण मंत्री (दोघांची कार्यालयं तुमच्याकडे बोट दाखवतात)