वीरगळ जागेवरून हलवू नका

संपादक महोदय,

गावोगावी देवळांच्या जीर्णोद्धाराची कामे जोरात आहेत. ती व्हावीतच, पण त्यात आवारातल्या वीरगळांचे, म्हणजे लढताना पडलेल्या वीरांच्या आठवणीत उभारलेल्या कोरीव दगडांचे, हाल होतात, म्हणून हे पत्र. आमच्या देवळाला नवी फरशी बसली आणि ओट्याला टेकून उभे असलेले वीरगळ जेसीबीने ओढ्याकाठच्या राडारोड्यात ढकलले गेले. एकाचा माथ्यावरचा कलश उडाला. दुसऱ्याची पायरी झाली आहे, कोरीव बाजू मातीत.

कलाशिक्षक असताना मी मुलांना या दगडांपुढे रेखाटनाला बसवायचो. वीरगळ खालून वर पाहायचा, एवढे सांगितले की पोरे स्वतःच गोष्ट सांगू लागत. तळाच्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, खाली आडवा पडलेला वीर, कडेला गाईंची रांग. गाई दिसल्या की समजावे, गोधन राखताना हा गडी पडला. त्यावरच्या चौकटीत अप्सरा त्याला दंडाला धरून वर नेतात. सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला, माथ्याशी चंद्र-सूर्य. पण सगळे एका साच्यातले नाहीत. कुठे वीर वाघाशी भिडलेला असतो. काही दगड चारही बाजूंनी कोरलेले असतात. बोरिवलीजवळ एक्सरला तर वल्ह्यांच्या गलबतांची अख्खी लढाई आहे. सती गेलेल्या स्त्रीच्या आठवणीत उभारलेल्या सतीशिळेवर कोपरात वाकलेला, बांगड्यांनी भरलेला हात असतो. त्या बांगड्या एकेक करून कोरणाऱ्या पाथरवटापुढे मी अजूनही मान तुकवतो.

कर्नाटकातल्या अनेक वीरगळांवर लेख कोरलेले आहेत. कोण, कुणाच्या राज्यात पडला ते कळते. आपल्याकडच्या बहुतेकांवर अक्षरही नाही. दगड वेशीत होता की शिवेवर, शेजारी सतीशिळा होती का, एवढाच काय तो पुरावा. दगड उचलला की तोही गेला. त्यामुळे वीरगळ गोळा करून शहरातल्या बागेत मांडण्याची कल्पनाही मला पटत नाही. आमच्या जिल्ह्यातल्या किकलीचे वीरगळ भैरवनाथाच्या आवारातच आहेत आणि अभ्यासक ते पाहायला गावात येतात.

जीर्णोद्धाराला परवानगी देण्याआधी आवारातल्या प्रत्येक कोरीव दगडाचा फोटो, माप आणि जागा ग्रामपंचायतीने दफ्तरी नोंदवावी व एक प्रत पुरातत्त्व विभागाला द्यावी. दगडाला तैलरंग वा सिमेंट लावू नये. येत्या ग्रामसभेत मी हा ठराव मांडणार आहे. इतर गावांनीही मांडावा.

– एक निवृत्त कलाशिक्षक, जि. सातारा