पाइपच्या पोटात कोण पाहणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरजवळच्या सांवेर तहसिलीतल्या एका गावात आमच्या भावकीची शेती आहे. गेल्या महिन्यात गेलो, तर पुतण्याने पाइपचा करवतीने कापलेला तुकडाच हातात ठेवला. "काका, आता ह्यातून पाणी कसं यायचं तुम्हीच सांगा." एक इंची जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप, पण आत जेमतेम पेन्सिल जाईल एवढे भोक. सभोवार पांढऱ्या थरांवर थर आणि त्यांच्याखाली गंजाचे तपकिरी पोपडे. घरात नवी मोटर घ्यायचे जवळजवळ ठरले होते. बिचाऱ्या मोटरचा काही दोषच नव्हता!

माळव्यातल्या काळ्या दगडातून येणारे बोअरचे पाणी जड, त्यात डाळ शिजत नाही, हे आमच्या आजीलाही ठाऊक होते. जमिनीखाली पाण्यात कार्बन डायऑक्साइड मुरलेला असतो, त्याच्या जोरावर चुना विरघळून राहतो. पाणी वर आले, उन्हात पाइप तापला, की वायू निघून जातो आणि चुना पाइपला आतून चिकटतो. प्लास्टिकचा पाइप गंजत नाही, पण हा थर त्यालाही धरतो. प्लंबर म्हणतो, अ‍ॅसिड ओता. पिण्याच्या पाण्याच्या लाइनीत अ‍ॅसिड! चुन्याबरोबर ते पाइपही खाते, ते वेगळेच.

मऊ आणि किंचित आंबट पाण्याची तऱ्हा उलटी. ते आधी जस्ताचा मुलामा खाते, मग लोखंड. त्यात गावात पाणी येणार दिवसाआड, तासभर. एरवी ओल्या पाइपात हवा खेळत असते, गंजाला आणखी काय हवे? जंतू मारायला टाकीत घातलेले क्लोरीनही हाच गंज वाटेत खाऊन टाकतो. शेवटच्या घरी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवे, ते मग कुठून उरणार?

भारतीय मानकानुसार पाण्याचा जडपणा लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतो. पण ही मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे, पाइपसाठी नाही. पाइपमध्ये चुना बसेल की पाइप झिजेल, याचा अंदाज बांधायची रीत लँगेलियर या अमेरिकन अभियंत्याने १९३६ मध्येच दिली आहे. पीएच (पाणी किती आंबट), क्षारता (आम्ल पचवायची पाण्याची ताकद), कॅल्शियम, टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) आणि तापमान, एवढे आकडे पुरतात. घरोघरी नळ देण्याच्या जल जीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी किट वापरायला शिकवतात. पीएच, क्षारता आणि जडपणा त्या किटमध्ये निघतोच. उरलेले दोन-तीन आकडे मिळवून हिशेब मांडायला असा कितीसा वेळ लागतो?

मला खरी धास्ती वाटते ती स्रोत बदलण्याची. इंदूर शहराला जलूद गावाहून नर्मदेचे पाणी मिळाले ते १९७८ मध्ये. आता गावोगावी नदीचे पाणी नेण्याच्या गोष्टी चालल्या आहेत. आनंदच आहे. पण बोअरच्या पाण्याने वर्षानुवर्षे बसवलेले थर नव्या पाण्यात सुटू लागतात, आणि मग नळाला लाल पाणी येते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये स्रोत बदलताना गंजरोधक द्रव्य घातले नाही, तेव्हा जुन्या पाइपमधले शिसे लोकांच्या पेल्यात आले. आपल्या गावांत शिशाचे पाइप नसतील, पण गंज आहे, आणि गंजाआड दडलेले जिवाणूही आहेत.

म्हणून संबंधितांना विनंती, की जुन्या लाइनीला नवे पाणी जोडण्याआधी हा हिशेब करावा आणि लाइनीच्या शेवटी गाळ सोडायला वॉल्व्ह ठेवावा. आणि वर्षातून एकदा कुठला तरी पाइप कापून आत पाहावे. नळजोडण्या तर सगळेच मोजतात.

पुतण्याने तेवढा पाइप स्वखर्चाने बदलून घेतला. कापलेला तुकडा मी इंदूरला घेऊन आलो आहे. कुणा अभियंत्याला पाहायचा असेल, तर घरी जरूर यावे. चहा पाजीन, पण दुधाचा; आमच्या गावच्या पाण्याचा कोरा चहा पाहुण्याला देण्यासारखा होत नाही.

आपला,
एक जुना वाचक, रामबाग, इंदूर