नववीची फी कोण भरणार?

प्रति,
मा. शालेय शिक्षणमंत्री, महाराष्ट्र राज्य

साहेब, नमस्कार.

नागपुरात पाचपावलीला माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. 2017 साली कळमना मार्केटात हमाली करणारा एक जण मुलीचा आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत मोफत प्रवेशाचा, फॉर्म भरायला आला. भाड्याची खोली, म्हणून रजिस्टर भाडेकरार हवा. घरमालक टाळाटाळ करत होता, चार चकरांनंतर तयार झाला. मी नकाशावर घराचं लोकेशन टाकताना हा स्क्रीनवर बोट ठेवून सांगत होता, "इथं नाही भाऊ, नालीच्या पल्याड." लॉटरीत मुलीचा नंबर लागला, इंग्रजी माध्यमाची खासगी शाळा मिळाली.

2025 च्या जूनमध्ये तो परत आला. सोबत मुलगी, हातात तिचा शाळा सोडल्याचा दाखला. "तीन झेरॉक्स काढ भाऊ. नववीपासून पूर्ण फी म्हणते शाळा. माह्याच्यानं नाही होत." मुलगी दाखल्यावरची जन्मतारीख तपासत होती.

शाळेनं नियमाबाहेर काही केलं नाही. 2009 च्या कायद्यातच मोफत शिक्षण 6 ते 14 वयाचं, खासगी शाळांतल्या गरीब मुलांसाठीच्या 25 टक्के जागाही आठवीपर्यंतच. बोर्डाच्या परीक्षेला दोन वर्षं उरली असताना शाळा, माध्यम, मैत्रिणी सगळं सोडायचं ते हमालाच्या पोरीनंच. डॉक्टरची मुलगी त्याच बाकावर बसून नववीत जाते.



2024 मध्ये तर सरकारनं, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळांना या 25 टक्के जागांतून सूटच देऊन टाकली होती. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली आणि लोकांनी पुन्हा फॉर्म भरले. जुलैत तो बदलच रद्द झाला.

माझं मागणं एवढंच, की या मुलांची नववी-दहावीची फी राज्यानं भरावी. कायदा केंद्राचा आहे हे मला कळतं, पण दोन वर्षांची फी भरायला राज्याला कोण अडवतं? आणि ती वेळेवर द्या. आठवीपर्यंतच्या फीचे आधीचेच पैसे सरकारकडे थकलेत, असं संस्थाचालक म्हणतात.

डिसेंबरात अधिवेशनाला नागपुरात याल, तेव्हा हा विषय घ्या.

ती मुलगी आता मराठी शाळेत जाते. परवा वही घेऊन दुकानात आली होती. "काका, बहुपदी म्हणजे पॉलिनॉमियलच ना?"

आपला,
पाचपावलीचा एक झेरॉक्सवाला